परसातले झाड ताण घेईना

११ नोव्हेंबर, सोमवार

नागपूरच्या डॉक्टरबाईंनी कुलदीपसाठी एक छापील तक्ता दिला आहे. शौचास झाले का, कसे झाले, पोट दुखले का, चड्डी खराब झाली का. "आजी, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हीच भरा," म्हणाल्या. भरीन. पण त्या रकान्यांत खूण किंवा फुली याहून जास्त काही मावत नाही आणि मला बरेच म्हणायचे आहे. म्हणून ही वही.

कुलदीप माझा नातू, वय नऊ. माझ्या मुलाचे, विनोदचे, पांढुर्ण्याला ठिबकच्या नळ्यांचे दुकान आहे. सून अश्विनी तिथेच शाळेत शिकवते. त्याला तीन वर्षांचा असल्यापासून मलावरोध. आठवडा आठवडा होत नाही, झाले की घर डोक्यावर घेतो, आणि मधल्या काळात त्याच्या नकळत चड्डीला लागत राहते. वर्गातली पोरे त्याच्या बाकावर बसत नव्हती. औषधे झाली, नागपूरचे दोन डॉक्टर झाले. जूनमध्ये मी म्हटले, हा शिस्तीचा प्रश्न आहे, पोराला सौंसरला माझ्याकडे द्या, दिवाळीपर्यंत घड्याळासारखा करून देते. दिवाळी होऊन गेली.

माझी पद्धत साधी आहे. सकाळी दूध झाले की तो आत आणि मी दाराबाहेर स्टुलावर. "झालं?" "नाही." "बस." पुंडलिकराव म्हणतात, "विजू, दारापुढं ठाणेदार बसून राहिला तं माहंही नाही होणार." पुंडलिकराव माझे यजमान. नवऱ्याला 'हे' म्हणायची मला सवय नाही.

परवा नागपूरला डॉक्टर प्रतिभांनी भूल देऊन साचलेले सगळे काढले आणि आतड्याचा कणभर तुकडा तपासायला घेतला. काही मुलांच्या आतड्यात जन्मतःच नसा नसतात म्हणे. आज आम्ही परत आलो. पोर हलके वाटते आहे. बसमध्ये गाणे म्हणत होता.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

शेजारची मालती एरंडेल घेऊन आली. मागच्या खेपेला साबणाची वडी घेऊन आली होती.

"वयनी, माह्या भाच्याले एकाच दिवसात झालं."

"त्याला काय झालं होतं?"

"जुलाब."

मी एरंडेल ठेवून घेतले. बिजागऱ्यांना उपयोगी पडते.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

तपासणीचा निकाल आला. नसा सगळ्या जागेवर आहेत. मी म्हटले, "म्हणजे रोग नाही." डॉक्टरबाई म्हणाल्या, "तो रोग नाही. पण हे शिस्तीचंही नाही." लहानपणी कधी तरी फार दुखले असेल, भीतीने तो धरून ठेवायला लागला. वर्षानुवर्षे धरल्याने आतडे ताणून ताणून सैल पिशवीसारखे झाले. आता त्याला जोर नाही, आणि भरले तरी पोराला कळत नाही. औषधांनी व्हायचे तेवढे करून झाले.

मग त्यांनी कागदाच्या पाठीवर आकृती काढली. पोटात अपेंडिक्सची शेपटी असते. ती मोठ्या आतड्याच्या सुरुवातीलाच असते. तिचे टोक उघडून बेंबीच्या घडीत आणून जोडायचे. बाहेरून दिसतसुद्धा नाही. त्यातून रोज बारीक नळी घालून मिठाचे पाणी सोडायचे आणि पोराने संडासात बसायचे. पाणी वरून खाली सगळे आतडे धुऊन बाहेर पडते.

"जन्मभर?"

"काही वर्षं. आतडं आवळत आलं की बंद करता येतं."

"सगळ्यांना गुण येतो?"

"बऱ्याच जणांना. सगळ्यांना नाही."

मी विचारले, एका पोराला वेळेवर व्हावे म्हणून त्याचे पोट उघडायचे? त्या म्हणाल्या, "आजी, तुम्हीच सांगितलंत, तो रोज वेळेवर बसतो. बसून होत असतं तर एव्हाना झालं असतं."

बाई उद्धट आहे. डॉक्टर चांगली असावी.

मी अजून हो म्हटलेले नाही. विनोद आणि अश्विनी हो म्हणून मोकळे झाले, पण माझ्याकडे बघत होते.

परतीच्या बसला बसण्याआधी कुलदीपला पाणी हवे होते. प्रवासाच्या आधी पाणी नाही, हा या घराचा जुना नियम आहे. बसमध्ये मोरी नसते आणि ड्रायव्हर आपला नोकर नसतो. त्याने मुकाट्याने बाटली बंद केली. ऐकायला लागला आहे.

२४ नोव्हेंबर, रविवार

रामाकोन्याच्या आमच्या बागेत गेलो. संत्र्याच्या तीन ओळींना ठिबकचे पाणी पोचत नव्हते. गुणवंता, आमचा बागेतला माणूस, खाली बसून एकेक तोटी टाचणीने टोचत होता.

"काय करून राहिला तू?"

"बाईजी, भोकं मोकळे करून राहिलो."

"टोकाला टोचून काय होणार? अख्खी नळी भरली आहे. शेवटचं बूच काढ, वरून पाणी सोड."

बूच काढले, वरचा वॉल्व्ह उघडला. आधी काही नाही, मग नळी थरथरली आणि गाळाचा लालसर चिखल भसाभस बाहेर पडला, मग गढूळ, मग स्वच्छ. कुलदीपने टाळ्या वाजवल्या. मला समाधान वाटले. वर पाहिले तर विनोद, पुंडलिकराव आणि अश्विनी, तिघेही नळीकडे न बघता माझ्याकडे बघत होते.

"आई, डॉक्टरीणबाई दुसरं काय म्हणून राहिल्या?" विनोद म्हणाला.

मी म्हटले, शहाणपणा करू नकोस.

कुलदीप नळीचे बूच हातात घेऊन उभा होता. "आजी, मले पण बूच लागन?"

"लागेल बहुतेक."

"मंग लाल पाहिजे."

घरी येऊन मीच डॉक्टरबाईंना फोन केला. पुंडलिकराव म्हणाले, "अपेंडिक्स बिनकामाचं असते म्हणे. पाहा, कामी आलं. मलेही आशा आहे."

१ डिसेंबर, रविवार

शेवटची संत्री गेली. आज बागेचे पाणी तोडले. दरवर्षी कोणाला तरी समजावून सांगावे लागते, यंदा कुलदीपला सांगितले. आंबिया बहार, म्हणजे संक्रांतीनंतरची फुले, घ्यायचा तर झाडाला ताण द्यावा लागतो. पाणी बंद. पाने मलूल होतात, काही पिवळी पडून गळतात, बघणाऱ्याला दया येते. दया करायची नाही.

"त्याहिले तहान नाही लागत?"

"लागते. लागायलाच पाहिजे. मागेल तेव्हा पाणी दिलं की झाड नुसतं पानांनी माजतं. ताण सोसला, की पाणी सुटल्यावर एकदम मोकळं होतं."

"एकदम? सगळं?"

"सगळं. पांढरंशुभ्र."

"कधी सोडशील पाणी?"

"संक्रांतीच्या तोंडाशी."

"आणि मधातच कोणी पाणी देल्लं तं?"

"तर फुकट गेलं. पुन्हा पहिल्यापासून."

इतके नेमके प्रश्न मी कॉलेजात शिकवत असताना मुलांनी विचारलेले आठवत नाहीत. या पोराला बागेची नजर आहे. विनोदला नळ्यांची आहे, पुंडलिकरावांना जेवणाची.

घरच्या परसात एकच संत्र्याचे झाड आहे, पण नियम सगळ्यांना सारखा. भांड्यांचे पाणी आजपासून नालीत. झाडाला थेंब नाही.

१० डिसेंबर, मंगळवार

ऑपरेशन झाले. व्यवस्थित झाले.

बाहेर बसायची व्यवस्था मात्र भिकार होती. फलकावर 'शस्त्रक्रीया' लिहिले होते. खिडकीतल्या मुलीला सांगून री ऱ्हस्व करून घेतली. एक माणूस खुर्चीवर पाय ठेवून बसला होता, त्याचे पाय खाली करवले. कँटीनमधल्या चहाबद्दल मालकाला बोलले. परत येऊन बघते तर फलकावर 'प्रतिक्षा' पण चुकलेले. खिडकीतल्या मुलीने या वेळी खिडकी लावून घेतली.

"विजू, बस आता," पुंडलिकराव म्हणाले.

"बसलेलीच आहे."

"उभी आहे तू."

अश्विनी रडत होती. रडून टाके चांगले पडत नाहीत, असे मी तिला सांगितले आणि माझी शाल दिली, कारण तिथे एसी फार होता.

डॉक्टरबाई हसत बाहेर आल्या. बेंबी पूर्वीपेक्षा सुंदर केली आहे म्हणाल्या. जागा बुजू नये म्हणून महिनाभर आत एक बारीक नळी राहील. मी त्यांना धागा कोणता वापरला ते विचारले. त्यांनी सांगितले, पण मला आता आठवत नाही.

शुद्धीवर आल्यावर कुलदीपने आधी बूच पाहिले. निळे आहे. लाल नव्हते. मग पाणी मागितले. सिस्टर म्हणाली, इतक्यात नाही. त्याने पुन्हा मागितले नाही. बाकीची पोरे पाण्यासाठी वॉर्ड डोक्यावर घेत होती. आमचा मान हलवून म्हणाला, "माहीत आहे." सिस्टरने ओल्या कापसाने त्याचे ओठ पुसले. मी तिला म्हटले, मुलाला वळण आहे.

१६ डिसेंबर, सोमवार

घरी आलो. दवाखान्यात सलाईन चालू असतानाच पाणी सोडायची तालीम झाली. ती अशी: उकळून कोमट केलेले पाणी, त्यात मोजून मीठ, वर टांगलेली पिशवी, बूच काढायचे, जोडायचे, कळ उघडायची. पोर कमोडवर गोष्टीचे पुस्तक घेऊन बसते. पोटात गुडगुड होते. मग तोच म्हणतो, "आलं, आलं," आणि येते. न रडता. पहिल्या वेळी अश्विनी आणि तिथली मावशी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मी कमोड फ्लश केला, कोणीतरी करायला हवे होते.

डॉक्टरबाईंचे हुकूम: रोज एकाच वेळी, घाई नाही, आणि दिवसभर भरपूर पाणी प्यायचे. मी स्टीलची मोठी बाटली आणली आहे. शाळेतून आल्यावर रिकामी दिसली पाहिजे.

विनोद-अश्विनी पांढुर्ण्याला गेले. वार्षिक परीक्षेपर्यंत पोर इथेच राहील.

२३ डिसेंबर, सोमवार

आजपासून पुन्हा शाळा. बाटली रिकामी आली. घरीही सांगावे लागत नाही. पाण्याचा ग्लास दिला की घेऊन परसातल्या पायरीवर जाऊन बसतो. उभ्याने पाणी पिऊ नये, हे मीच शिकवलेले. ग्लास रिकामा आणून पालथा घालतो.

शाळेची सहल फेब्रुवारीत पचमढीला जाणार आहे. एक मुक्काम. कुलदीप आजवर एकाही मुक्कामाच्या सहलीला गेलेला नाही. त्याच्या वर्गशिक्षिका पूनम मॅडम समंजस आहेत. म्हणाल्या, "त्याचं तो करत असन तं मले काही अडचण नाही, काकू. पण मी नाही करू शकणार." वाजवी आहे. त्याने त्याच दिवशी पिशवी स्वतः टांगून दाखवली. स्टुलावर चढून, जीभ बाहेर काढून, पण टांगली.

२७ डिसेंबर, शुक्रवार

दोन दिवस पाणी आत जाते आहे पण पुरते बाहेर येत नाही. जे येते ते थोडे आणि कठीण. डॉक्टरबाईंनी फोनवर प्रमाण वाढवायला सांगितले. सुरुवातीला जमेपर्यंत असे होते म्हणे.

बाग छान ताण घेते आहे. पाने दुपारी वळायला लागली. परसातले झाड मात्र हिरवेगार उभे आहे. नवी पालवी फुटली आहे, म्हणजे कमाल झाली. खाली माती उकरून पाहिली. ओल आहे. कुठून?

३० डिसेंबर, सोमवार

आज शाळेत कुलदीपची चड्डी खराब झाली. ऑपरेशननंतर पहिल्यांदा. कोणीतरी काहीतरी म्हणाले असणार. काय ते त्याने सांगितले नाही. घरी आला आणि परसातल्या नळावर स्वतःच चड्डी धुतली. मी खिडकीतून पाहिले. नंतर मी ती पुन्हा धुतली, कारण साबण राहिला होता.

मालतीकडे गेले. तिची न्हाणी आमच्या भिंतीला लागून आहे.

"मालती, तुझ्या न्हाणीचं पाणी माझ्या झाडाला जाऊन राहिलं."

"काय म्हणता वयनी. माह्या घरी नळाले दोन दिवसाआड पाणी येते, मी तुमच्या झाडाले पाजन?"

"मग ओल कुठून आली?"

"झाडालेच विचारा. तुमाले सगळेच घाबरतात, सांगन ते."

गुणवंतालाही विचारले. त्याने माळेची शपथ घेतली. तरी मला संशय आहे.

४ जानेवारी, शनिवार

चांगले चाललेले नाही. पोट टणक लागते. पाणी सोडले की तो डोळे मिटून घेतो, मुठीत नळी धरून बसून राहतो, आणि आत गेलेल्यातले जेमतेम निम्मे परत येते. बाकीचे जाते कुठे? मी मीठ पुन्हा मोजले. पाणी पुन्हा मोजले. पिशवी बदलली. पद्धतीत कुठेही चूक नाही, मी स्वतः करते आहे.

त्याचे ओठ फुटले आहेत. थंडी आहे. साजूक तूप लावायला दिले.

सहलीची नावे सोमवारी द्यायची होती. पूनम मॅडमकडून महिनाअखेरपर्यंत मुदत मागून घेतली. सवलत मागण्याची मला सवय नाही, पण त्यांनी लगेच दिली.

९ जानेवारी, गुरुवार

नागपूर. आतली नळी काढली. आता रोज पाणी सोडताना नळी घालायची आणि काढून घ्यायची. कुलदीपने ती पहिल्याच झटक्यात स्वतः घातली. माझा हात तयारच होता, त्याची गरज लागली नाही. निळे बूच त्याने खिशात घालून घेतले.

पण डॉक्टरबाई हसल्या नाहीत. पोट दाबून पाहिले, फोटो काढला. पुन्हा साचते आहे.

"पाणी पितो का?"

"बाटली रोज रिकामी येते," मी सांगितले. "मी स्वतः बघते."

त्या कुलदीपकडे बघून म्हणाल्या, "हो का रे?" त्याने मान हलवली. मान कुठल्या दिशेने हलवली ते मला नीट आठवत नाही.

महिनाभर बघू, म्हणाल्या. नाहीच जमले तर दुसरे, मोठे ऑपरेशन: सैल पडलेला भाग कापून काढायचा. हे त्यांनी कुलदीपला बाहेर पाठवून सांगायला हवे होते.

बसमध्ये तो खिशातले बूच चाचपत होता. मग म्हणाला, "आजी, संक्रांत कवा आहे?"

"मंगळवारी."

"म्हणजे बागेत रविवारी पाणी सोडशीन?"

"रविवारी."

"मंग होते," म्हणाला आणि माझ्या खांद्यावर झोपला. तीळगुळाचे डोहाळे लागलेले दिसतात.

जड झाला आहे. सावनेरपर्यंत माझा खांदा बधिर झाला होता, पण त्याला उठवायचे काही कारण नव्हते.

१२ जानेवारी, रविवार

आज बागेत पाणी सोडले. सगळे गेलो होतो. विनोद-अश्विनीही पांढुर्ण्याहून आले. पाने अर्धी गळालेली, फांद्या उघड्या पडलेल्या, ताण उत्तम. पुंडलिकरावांनी नारळ फोडला, गुणवंताने मोटार चालू केली.

पंपाच्या टाकीत पहिली धार पडली आणि कुलदीप तिच्याकडे धावला. मला वाटले खेळायला. तो वाकून प्यायला लागला. ओंजळीने नाही, तोंड लावून, वासरासारखा. थांबेना. अश्विनी म्हणाली, "अरे, हळू." तो श्वास घ्यायला वर आला, हनुवटीवरून पाणी गळत होते, आणि माझ्याकडे बघून म्हणाला,

"आजी, सुटलं नं आता? आता मीही पिऊ शकतो नं?"

"तू प्यायचास ना रोज."

"नाही. म्या बी ताण घेतला. झाडासंगच."



तो मला समजावून सांगायला लागला, मी त्याला सांगितले होते त्याच पायऱ्यांनी. मागेल तेव्हा पाणी दिले की नुसते माजते. ताण सोसला की सुटल्यावर सगळे एकदम मोकळे होते. मधात पाणी दिले तर फुकट, पुन्हा पहिल्यापासून. म्हणून त्याने मधात प्यायले नाही. म्हणजे अगदीच नाही असे नाही. जेवताना घोट, आणि फारच झाले तर तोंड धुताना थोडे. "ते खोटं केलं मी," म्हणाला. "म्हणून लेट झालं असन."

"आणि बाटली?"

"झाडाले. परसातल्या."

"झाडाला का?"

"मंग कुठं फेकू? पाणी वाया घालवलं का तू रागावतेस."

पुंडलिकराव खाली बघून नारळाचे तुकडे करत होते. त्यांचे खांदे हलत होते. हसत होते की काय ते मी पाहिले नाही. अश्विनी पोराला पोटाशी धरून बसली.

मी गुणवंताला सांगितले, पाणी आज अर्धाच तास सोड, कोरड्या मुळांना एकदम जास्त सोसत नाही. मग आठवले, आणि कुलदीपलाही टाकीपासून बाजूला घेतले आणि घोट घोट पाजले.

डॉक्टरबाईंना तिथूनच फोन लावला. त्या ऐकून घेत होत्या, मग एवढ्या मोठ्याने हसल्या की मला फोन कानापासून दूर धरावा लागला. मी विचारले, म्हणजे ऑपरेशन उगाच झाले का? त्या म्हणाल्या, "अजिबात नाही. पाणी पिऊन बरा व्हायचा तर इतक्या वर्षांत झाला असता. पण शरीर तहानलेलं असलं की तुम्ही वरून सोडलेलं पाणी आतडंच पिऊन टाकतं, आजी. धुवायला उरतं काय?" आणि म्हणाल्या, "मुलाची चिकाटी बघा मात्र."

ती बघितली.

१३ जानेवारी, सोमवार

कुलदीपला समोर बसवून सांगितले: झाड आणि पोर यांत फरक असतो. झाडाच्या नियमांनी पोर चालत नाही.

"मंग तू पहिलेच सांगाले पाहिजे होतं," तो म्हणाला.

मी म्हटले, आता सांगितले.

गुणवंताला फोन करून सांगितले की परसातल्या ओलीचा तपास लागला. मालतीकडे तीळगुळाची वाटी उद्याऐवजी आजच पाठवली.

१५ जानेवारी, बुधवार

नवी पद्धत. तो एक ग्लास, मी एक ग्लास, समोरासमोर, ओट्याशी. त्याची अट आहे की मीही प्यायचे, नाहीतर कसे कळणार की नियम सगळ्यांना सारखा आहे. मी दुपारच्या बसने पांढुर्ण्याला निघाले होते. त्याने मलाही प्यायला लावले. तिगावच्या अलीकडे मला ड्रायव्हरला बस थांबवायला सांगावे लागले. सबंध बस थांबली. मी शेताच्या बांधाआडून परत आले तेव्हा कंडक्टर म्हणाला, "आरामात, माताजी."

प्रवासाच्या आधी पाणी नाही, हा नियम मी रद्द केला आहे. ड्रायव्हर लोक वाटतात तितके वाईट नसतात.

२४ जानेवारी, शुक्रवार

तक्त्यात आठवडाभर खुणाच खुणा. पोट मऊ. पाणी वरून जाते, खाली येते, सगळे घेऊन येते. डॉक्टरबाई म्हणाल्या, मोठ्या ऑपरेशनचे नाव आता काढू नका. मी कधी काढले होते?

आज सगळे त्याने केले. पाणी कोमट, मीठ, पिशवी, नळी. मी नेहमीप्रमाणे दाराबाहेर स्टुलावर बसले.

"आजी, तू आहेस का तिथं?"

"आहे. झालं?"

"तू बसू नको नं तिथं. मले होत नाही."

आतून असे स्पष्ट बोलायला त्याला जूनपासून जानेवारी लागला. पुंडलिकराव वर्तमानपत्रामागून म्हणाले, "मी काय म्हणत होतो?"

स्टूल उचलून परसात नेले. झाडाखाली चांगली सावली असते. तिथे बसले. थोड्या वेळाने आतून गाण्याचा आवाज यायला लागला. सूर अगदीच नाही.

सहलीचे नाव दिले.

९ फेब्रुवारी, रविवार

काल पहाटे पचमढीला गेला, आज संध्याकाळी आला. पिशवी, नळ्या, मिठाच्या पुड्या मी स्वतंत्र डब्यात भरून दिल्या होत्या, वर नाव घालून. पूनम मॅडमला फोन करायचा नाही असे ठरवले होते. एकदाच केला. त्या म्हणाल्या, "काकू, तो झोपला. सगळं ठीक आहे. तुम्हीही झोपा."

बस शाळेपाशी लागली. तो दोन पोरांच्या मधून उतरला. तिघेही एकाच सीटवर बसून आले होते, त्यांच्यात खिडकीवरून भांडण चालू होते आणि ते त्यांनी खाली उतरूनही संपवले नाही. मी डब्याकडे पाहिले. मिठाची एक पुडी कमी.

"कसं झालं?" मी विचारले.

"काय?"

"ते."

"हाँ, झालं," म्हणाला, आणि मागे वळून त्या दोघांना ओरडून सांगू लागला की उद्या निळे बूच आणून दाखवतो, कॅरमच्या सोंगटीएवढे आहे.

रामाकोन्याची बाग फुलली आहे. रस्त्यावरून जाणारा माणूस वास घेऊन थांबतो. परसातल्या झाडाला मात्र एक फूल नाही. रोज शाळेची बाटली आणि घरचे ग्लास, महिनाभर. कुठून येणार फूल. नुसती पाने, काळीभोर हिरवी, भरगच्च. मालती भिंतीवरून म्हणाली, "वयनी, यंदा हे झाड फुकट गेलं."

मी म्हटले, राहू दे. सावलीला आहे.